बोगदा की घाट

आगगाडीचे वेळापत्रक हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांच्या ध्यानात अजून कशी आली नाही याचे मला राहून राहून नवल वाटते. आम्ही कादंबरीकार तीनशे पाने खर्चून जे साधू पाहतो ते वेळापत्रक एका रकान्यात साधते. अमुक वेळी अमुक गावाहून निघाला, वाटेत इतक्या ठिकाणी थांबला आणि अखेर एकदाचा पोचला. यापलीकडे आमच्या नायकाच्या हातून तरी जास्त काय घडते? शिवाय वेळापत्रकात निसर्गवर्णन नसते. त्यामुळे वाचकाला पाने गाळावी लागत नाहीत.

माझ्याजवळ टॉमस कुक कंपनीच्या युरोपीय वेळापत्रकाची एक जुनी प्रत आहे. रद्दीच्या दुकानातून वजनावर घेतलेली. १८७३ साली सुरू झालेले हे प्रकाशन कंपनीने २०१३ साली बंद केले आणि त्याच्याच संपादकमंडळींनी २०१४ पासून ते स्वतंत्रपणे पुन्हा चालू केले. मासिके बंद पडण्याच्या आणि पुन्हा निघण्याच्या हकीकती आपल्याकडे काही थोड्या नाहीत. त्यामुळे हे वाचले तेव्हा मला त्या मंडळींबद्दल फार आपलेपणा वाटला. मुलांच्या वह्या तपासून झाल्या की रात्री मी ती प्रत उघडतो आणि व्हिएन्नाहून व्हेनिसला किंवा पॅरिसहून माद्रिदला निघतो. या प्रवासाला मला आजवर एक पै लागलेली नाही आणि माझी एकही गाडी चुकलेली नाही. "गेलेल्या गाड्यांचं काय वाचायचं असतं एवढं?" असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर पहिल्या वर्षी विचारला होता. हल्ली त्या नुसता दिवा मालवतात.

यंदा मात्र हा खेळ अंगाशी आला. माझा धाकटा भाऊ २०१७ पासून झुरिकला नोकरीला आहे. दर वर्षी तो "या, या" म्हणतो आणि दर वर्षी आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणतो. पण आईला आता त्र्याहत्तरावे लागले, आणि "पुढच्या वर्षी" हे शब्द उच्चारताना घरात सगळेच जरा चाचरू लागले. तेव्हा येत्या मेच्या सुट्टीत जायचे ठरले: आई, सौ. आणि मी. मास्तरच्या खिशाला विमानाची तिकिटे झेपतील अशी जी एकमेव जोडी सापडली, तिच्यात जायचे होते झुरिकला आणि परत निघायचे होते मिलानहून. व्हिसाची अडचण नव्हती. स्वित्झर्लंड हा देश युरोपीय संघात नसला तरी २००८ च्या डिसेंबरपासून शेंगेनच्या मंडळात आहे, त्यामुळे एकाच व्हिशावर दोन्ही देश होतात. ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्याच्याकडे अर्ज करायचा, इतकेच. उरला झुरिक ते मिलान हा आगगाडीचा तुकडा. भिंतीवरच्या नकाशात तो माझ्या करंगळीच्या पेराएवढाही नाही. या पेराएवढ्या तुकड्यावरून आमच्या घरात दोन महिने जे घडले, ते सांगायला मी बसलो आहे.

धाकट्याचा बेत एका ओळीचा होता. "थेट गाडी आहे. सव्वातीन तास. झुरिकला बसायचं, मिलानला उतरायचं." फोनवर आलेला हा निरोप मी आईला वाचून दाखवला आणि भूगोलाच्या मास्तराला साजेल असे थोडे विवेचन केले. ही गाडी झुरिकहून निघून दक्षिणेला आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी येते आणि तिथे पर्वत चढण्याच्या भानगडीत न पडता सरळ त्याच्या पोटात शिरते. गोटहार्डचा हा नवा बोगदा ५७ किलोमीटर लांब आहे. आगगाडीचा जगातला सर्वांत लांब बोगदा. तो खणावा असा कौल तिथल्या जनतेने १९९२ साली मतदानाने दिला आणि १ जून २०१६ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. आत शिरलेली गाडी वीसेक मिनिटांत पलीकडे निघते. मधे कुठे कुठे माथ्यावर दोन किलोमीटरांहून जाड खडक असतो.

"सत्तावन्न किलोमीटर म्हणजे किती रे?" आईने विचारले.

"कर्जतहून निघून लोणावळ्याला जायचं आणि पुन्हा कर्जतला यायचं, इतकं."

"सगळं अंधारातनं?"

"सगळं."

आई गव्हातले खडे वेचत होती. तिने चार खडे वेचले आणि म्हणाली, "मग घाट कुठे दिसणार?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या आईने विचारला असता तर मी त्याला पर्यटकाचा प्रश्न म्हटले असते. पण आमच्या आईचे सारे आयुष्य कर्जतच्या रेल्वे चाळीत गेले आहे. आमचे अण्णा घाटातल्या बँकरवर होते. कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी, असा बऱ्याच प्रवाशांचा समज असतो. खरे म्हणजे ती थांबते मागे बँकर लावायला. पुढचे इंजिन ओढते आणि मागची बँकर इंजिने लोणावळ्यापर्यंत ढकलतात. वडा हा त्या थांबण्याचा आनुषंगिक लाभ. अण्णा १९७२ साली असिस्टंट म्हणून लागले तेव्हा घाटात अजून 'खेकडा' होता. त्या इंजिनाचे सरकारी नाव निराळे होते, पण कर्जत-लोणावळ्याची माणसे त्याला खेकडाच म्हणत. दोन्ही बाजूंना लांब नाकाडे, मधे खोली, चाकांना जोडणारे दांडे, आणि उभे असताना एखाद्या दुखणाइतासारखा कण्हण्याचा आवाज. हा खेकडा जन्माने स्विस. १९२८ च्या सुमारास आपल्या घाटासाठी जी ४१ इंजिने बांधली गेली त्यांतली पहिली १० विंटरथुर गावच्या कारखान्यातली. बाकीची त्याच आराखड्यावर इंग्लंडात झाली. विंटरथुर झुरिकहून आगगाडीने अर्ध्या तासाच्याही आत आहे. अण्णा त्या गावाचे नाव 'विंटर-तूर' असे उच्चारत. ही हिवाळ्यात पिकणारी कसली तरी तूर असावी, अशी आईची लग्नानंतर कित्येक वर्षे समजूत होती.

आणि या खेकड्याचे सख्खे चुलते गोटहार्डच्या घाटात राबत होते. तिकडे त्यांना 'मगर' म्हणत. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा स्विस लोकांनी शहाणपणा करून गोटहार्डच्या गाड्या विजेवर नेल्या. १९२० साली तारा घाटावर पोचल्या, आणि त्या चढणीसाठी म्हणून ही मगर घडवली गेली. आपल्या बोरघाटात वीज आली १९२९ साली. चढही जवळजवळ तोच. बोरघाटात सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. गोटहार्डच्या जुन्या मार्गावर हजार मीटरांना सत्तावीस. भागाकार करून पाहावा, उत्तर सदतीसच येते. माझ्या सातवीच्या मुलांना मी हे गणित घातले होते. एका मुलाने उत्तराखाली लिहिले, 'म्हणजे दोन्ही घाट सारखेच दमवतात.' त्याला मी एक गुण जास्त दिला.

तेव्हा "घाट कुठे दिसणार" या आईच्या प्रश्नाला पाठीमागे चाळीस वर्षांची शिट्टी होती. मी कुकचे पुस्तक काढले.

जुना मार्ग अजून चालू आहे. नवा बोगदा झाला म्हणून स्विस लोकांनी जुने रूळ उखडून भंगारात घातले नाहीत. २०२० च्या डिसेंबरपासून तिथून 'त्रेनो गोत्तार्दो' नावाची गाडी जाते. एका तासाला झुरिकहून आणि पुढच्या तासाला बाझेलहून अशी ती सुटते, त्यामुळे घाटातून दर तासाला एक गाडी मिळते. ती मिलानपर्यंत मात्र जात नाही. बेलिन्झोना गावी तिच्यातून उतरायचे आणि झुरिकहून मिलानला निघालेली, बोगद्याने आलेली ती थेट गाडी तिथे धरायची. झुरिक ते बेलिन्झोना घाटाने तीन तासांच्या आसपास, पुढे मिलान पावणेदोन तासांच्या आतबाहेर. मधला वेळ धरला तर सव्वातीन तासांच्या जागी पाच-साडेपाच. मी हे धाकट्याला कळवले.

त्याचा फोन आला तो नेहमीच्या वेळेला नव्हे. "दादा, तू पुस्तकातनं बोलतोयस. मला इथे तिला घेऊन जिने चढायचेत."

"जिने नाहीत. उतरंडी आहेत, लिफ्ट आहेत. गाडी खालच्या फरशीची आहे, फलाटावरनं पाऊल टाकलं की आत."

"तिचा गुडघा? मधे गाडी बदलायची, सामान, थंडी. काय मिळवायचंय त्यातनं?"

मी काय मिळवायचे ते सांगू लागलो. एर्स्टफेल्ड नावाचे गाव लागते, ते म्हणजे तिकडचे कर्जत. घाट चढण्यापूर्वी गाड्यांना तिथेच जादा इंजिन लावीत. अख्खे गाव रेल्वेच्या माणसांचे. तिथे स्टेशनाशी एक मगर जपून उभी केली आहे. पुढे दरी इतकी ताठ उठते की गाडीला तो चढ झेपणे शक्य नाही. मग इंजिनियरांनी काय करावे? बोरघाटात १८६३ साली आपल्या रेल्वेवाल्यांपुढे हीच अडचण होती. त्यांनी खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन थांबवली, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावले आणि तिला उलट दिशेने वर पाठवली. ते उलटे स्टेशन १९२९ पर्यंत चालले. स्विस लोकांनी गाडी उलटी फिरवली नाही, डोंगराच्या आत गोल फिरवली. बोगद्यात शिरायचे, आतल्या आत वळत वर चढायचे आणि शिरलो तिथेच, पण बऱ्याच उंचीवर बाहेर यायचे. यामुळे वासेन गावचे एक चर्च गाडीतून तीनदा दिसते. पहिल्यांदा मान वर करून, दुसऱ्यांदा समोरासमोर आणि तिसऱ्यांदा खाली वाकून. माणूस तोच, गाडी तीच, चर्चही तेच.

"दादा," धाकटा म्हणाला, "मी सात-आठदा मिलानला गेलोय. मला काही दिसलं नाही."

"कसं दिसणार? तू आलास २०१७ ला. बोगदा त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाला."

हे खरे होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या बोगद्यात एक मालगाडी घसरली आणि रुळांची इतकी नासधूस झाली की बोगदा पूर्ववत व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. त्या अवधीत प्रवासी गाड्या जुन्या घाटाने वळवल्या होत्या आणि तासभर जास्त घेत होत्या. म्हणजे घाट पाहण्याची संधी चालून आली होती. पण तास जास्त लागतो म्हणून त्या वर्षी आमचे बंधू मिलानला गेलेच नाहीत.

आमचे बोलणे त्या दिवशी तिथेच तुटले. पुढचे काही दिवस तो फोनवर फक्त आईशी बोलला, तेही हवापाण्याचे.

सौ. मला म्हणाल्या, "तुम्ही त्याला गाड्या सांगताय. त्याचं मन गाडीत नाही."

त्यांचे म्हणणे मला कळले होते. अण्णा २०२१ च्या एप्रिलात गेले. ते दिवस कसे होते हे कुणाला सांगायला नको. धाकटा झुरिकच्या घरात बसून होता. विमान मिळत नव्हते, मिळाले असते तरी इथे पोचून उपयोग नव्हता. अण्णांना शेवटचे त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले, तेही माझा हात थरथरत असल्यामुळे नीट दिसले नाही. तेव्हापासून आईच्या बाबतीत त्याला एकच गोष्ट सुचते. तिला वारा लागू नये, पायरी लागू नये, वाट पाहावी लागू नये. आपण जिथे हजर नव्हतो तिथली सगळी काळजी तो आता तिच्यावर खर्च करतो. सव्वातीन तासांची थेट गाडी ही त्याची माया होती. तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वेळापत्रकात तर नव्हतेच नव्हते.

पण आईलाही काही हवे असू शकते, हे आम्ही दोघे भाऊ सोयीने बाजूला ठेवत होतो. मायेच्या माणसांना ही खोड असते.

आई मधल्या काळात माझ्याकडून गोटहार्डची सगळी माहिती काढून घेत होती. दुपारी मी शाळेतून आलो की चहाबरोबर एकेक प्रश्न. जुना बोगदा कुणी खणला? मी सांगितले, लुई फाव्र नावाच्या जिनिव्हाच्या कंत्राटदाराने. १८७२ साली दोन्ही टोकांनी काम सुरू झाले, पंधरा किलोमीटरांचा बोगदा. काम वेळेत होईना, दंडाची टांगती तलवार, आणि १८७९ साली हा गृहस्थ बोगद्यातच, पाहणी करताना, कोसळून मेला. पुढच्या वर्षी दोन्हीकडचे खणणारे एकमेकांना भेटले तेव्हा मधे पडलेल्या भोकातून सगळ्यांत आधी फाव्रची तसबीर एका डब्यात घालून पलीकडे पाठवली, असे सांगतात. आईने पदर डोळ्यांना लावला नाही; ती तशी नाही. ती म्हणाली, "बायको होती का त्याची?" मग मी तिला आपल्या बोरघाटाची हकीकत सांगितली. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते कंत्राट आपल्या नावावर घेतले आणि इंजिनियर नेमून घाटाचे काम पुरे करवले. आयुष्यभर त्या घाटाखाली राहून आईने हे ऐकले नव्हते. तिने दोनदा विचारले, "बाईने?"

"आणि मजूर किती गेले?" हा तिचा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न. गोटहार्डला सुमारे दोनशे अपघातात गेले. बहुतेक इटलीतले गरीब लोक. आतली हवा, पाणी, उकाडा यांनी आजारी पडून पुढे किती गेले ते निराळेच. १८७५ साली त्यांनी संप केला तेव्हा गेशेनेनला त्यांच्यावर गोळीबार होऊन चार जण मेले. आपल्या बोरघाटात तर पटकीने आणि तापाने माणसे हजारांनी गेली. विन्चेन्झो वेला या शिल्पकाराने गोटहार्डच्या मजुरांचे एक उठावाचे शिल्प केले: खांद्यावर झोळी घेऊन मेलेल्या सोबत्याला बाहेर आणणारी माणसे. त्याची काशाची प्रत १९३२ पासून बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, ऐरोलो गावच्या स्टेशनाजवळ आहे.

"ऐरोली?"

"ऐरोलो. ऐरोली आपल्या ठाण्याजवळ."

"तिथे उतरता येईल?"

मी पाहिले. येते. तिथले साधे तिकीट दिवसभर चालते आणि वाटेत उतरून मागच्या गाडीने पुढे जाण्याची मुभा असते. फक्त आधी घेऊन ठेवलेले सवलतीचे तिकीट विशिष्ट गाडीला बांधलेले असते, त्याला ही मुभा नाही. परदेशी प्रवाशांसाठी महिन्याची एक अर्ध्या भाड्याची चिठ्ठी मिळते, तीवर साधे तिकीटही आवाक्यात येते. या गाडीला जागेचे आरक्षण लागत नाही. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. "आरक्षण नाही आणि बसायला मिळतं?" ती म्हणाली, "मग माणसं जातात कुठे?"

बेलिन्झोनापासूनच्या मिलानच्या गाडीला मात्र आरक्षण सक्तीचे आहे, कारण ती सरहद्द ओलांडते. तिचे तिकीट लवकर घेतले तर स्वस्त पडते, पण ती चुकली तर पैसे गेले. येथे माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासाचे सार आहे आणि ते मी कुणाही प्रवाशाला फुकट देतो: दोन निराळी तिकिटे जिथे जोडायची तिथे तासाभराची फट ठेवावी. स्विस गाड्या वेळेवर धावतात म्हणून सात मिनिटांवर विसंबू नये. त्यांच्या स्टेशनांवरचे ते प्रसिद्ध घड्याळ, हान्स हिल्फिकर या इंजिनियरने १९४४ साली आखलेले, त्याचा तांबडा सेकंदकाटासुद्धा दर मिनिटाला बाराच्या ठोक्यावर येऊन क्षणभर थांबतो आणि मुख्य घड्याळाचा इशारा मिळाल्यावरच पुढे निघतो. ज्या देशात घड्याळ थांबते तिथे आपणही तासभर थांबायला हरकत नसावी. बेलिन्झोनाला तीन जुने किल्ले आहेत. ते न चढता स्टेशनाबाहेर बसून नुसते पाहावेत आणि दशम्या खाव्यात, असा ठराव सौ. नी मांडला आणि आईने त्याला अनुमोदन दिले.

मी सगळी टिपणे पेन्सिलीने केली आहेत. युरोपातली रेल्वेची वेळापत्रके दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री बदलतात. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी लिहिलेले मिनिटामिनिटांचे आकडे अजून खरे असतील. आम्ही मे महिन्यात फलाटावर उभे राहू तेव्हा ते तसेच राहिले असतील असे नाही. मार्ग तेवढा शाईने लिहिला. झुरिक, एर्स्टफेल्ड, गेशेनेन, ऐरोलो, बेलिन्झोना, कियासो, मिलान. गेशेनेनपर्यंत भाषा जर्मन, ऐरोलोला बाहेर आले की इटालियन. पंधरा किलोमीटरांच्या अंधारात माणसांनी बोली बदललेली असते. कियासोला सरहद्द. तिथे पासपोर्ट हाताशी ठेवायचे. नेहमी पाहतातच असे नाही, पण पाहू शकतात, आणि स्वित्झर्लंड जकातीच्या बाबतीत संघाबाहेर असल्यामुळे जकातवालेही चढू शकतात. आईच्या पाटल्या घरीच ठेवायच्या, या मुद्द्यावर आमच्याकडे अजून एकमत झालेले नाही.

हा कागद मी धाकट्याला पाठवला नाही. आईनेच त्याला फोन केला. मी वह्या तपासण्याचे निमित्त करून शेजारी बसलो होतो.

"अरे," ती म्हणाली, "तुझ्या अण्णांनी त्या घाटात बत्तीस वर्षं गाड्या ढकलल्या. एक दिवस मला इंजिनात बसवून वर नेलं नाही. नियमात बसत नाही म्हणायचे. मला तो घाट ठाऊक आहे तो खालनं. रात्री आवाज आला की कळायचं, चढली. आवाज थांबला की कळायचं, पोचली. तेवढंच. आता तुमच्या तिथला तरी मला बघू दे की. गुडघ्याचं मी बघीन. बसूनच तर जायचंय."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही.

"अण्णा बोलले होते मला एकदा," धाकटा अखेर म्हणाला. "मी इथे आलो तेव्हा. म्हणाले, विंटरतूरला जाऊन ये, आमच्या इंजिनाचं माहेर आहे. मी म्हटलं, जाईन." मग थोडे थांबून, "नऊ वर्षं झाली. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे."

"तिथेही जाऊ," आई म्हणाली. "पण आदल्या दिवशी. एका दिवशी दोन नकोत, गुडघा आहे."

दुसऱ्या दिवशी त्याचा मला निरोप आला, पुन्हा एका ओळीचा. त्या दिवसाची रजा टाकली आहे. बेलिन्झोनापर्यंत मीही येतो, तुम्हाला मिलानच्या गाडीत बसवून संध्याकाळी बोगद्याने परत फिरेन. मी टिपणातला तीनचा आकडा खोडून तिथे चार केला आणि परतीच्या रकान्यात एकाचे नाव लिहिले. कुकच्या पुस्तकात इतक्या वर्षांत मी कधी काही लिहिले नव्हते; त्या पानाच्या समासात मात्र या चार आसनांची आकृती काढली, दोन खिडकीकडची, दोन आतली.

आईने चष्मा लावून ती पाहिली. खिडकीशी तिचे आणि सौ. चे नाव होते.

"हे बदल," ती म्हणाली. "खिडकी धाकट्याला दे. त्याने घाट बघितलेला नाही."